सातवी पायरी

घोडा तिसऱ्या मजल्यावर चढला, इथपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं.

सकाळचे साडेसात. तपासनीसांच्या हातात पेपर, समोर चहाचा कप दोन्ही हातांत धरून बायको. सामानाच्या गाडीचा एक घोडा सुटून पळाला, एका इमारतीच्या जिन्याने थेट तिसऱ्या मजल्यावर गेला, आणि मग काही केल्या उतरायला तयार होईना, अशी बातमीची सुरुवात होती. घोडा चढतो बिनधास्त, पण उतरताना खालचा खोल उतार बघून त्याचे पाय लटपटतात, असं कुणा जाणकाराचं मत होतं. बायको खुर्चीच्या कडेवर सरकून ऐकत होती. दुसरा परिच्छेद सुरू झाला आणि तपासनीस थांबले.

"अगं, 'मज्यावर' छापलंय! मजल्यातला ल खाल्लाय."

"बरं. मग घोडा?"

"पहिल्या पानावर! आमच्या वेळी अशा माणसाला दारात उभं केलं नसतं."

"कुठल्या माणसाला? घोड्याच्या मालकाला?"

पण तपासनीस उठून संपादकांना पत्र लिहायला गेलेसुद्धा. हे आजचं नव्हतं. बायकोच्या नजरेचा मधला भाग धूसर होत होत गेल्या वर्षी अक्षर पार दिसेनासं झालं. भिंती, दारं, माणसं कडेकडेने दिसत. वाचता तेवढं येत नसे. 'आहे ते टिकेल, गेलेलं येणार नाही,' असं डॉक्टर म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून पेपर वाचून दाखवायचं काम तपासनीसांनी मोठ्या प्रेमाने अंगावर घेतलं. प्रेमात खोट नव्हती. फक्त वर्षभरात एकही बातमी शेवटापर्यंत पोचली नव्हती.

तपासनीस हे काही त्यांचं आडनाव नव्हे. चौतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस निवृत्त झाला म्हणून तपासायचा थांबतो थोडाच? इमारतीच्या फलकावरची प्रत्येक सूचना तासाभरात लाल शाईने दुरुस्त झालेली असे. एकदा पाणी बंद राहणार असल्याच्या सूचनेत त्यांनी सहा चुका काढल्या. पाणी कधी बंद राहणार ते मात्र वाचलं नाही आणि अंगाला साबण लावून ताटकळत उभे राहिले. लोक ही गोष्ट हसून सांगतात. पण पुढच्या सगळ्या रामायणाचं बी तिच्यातच आहे, तेव्हा ती विसरू नका.

याला कारण छापखान्याचे मालक. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की तपासणाऱ्याने अक्षर बघायचं, अर्थ नाही. अर्थ ही लेखकाची मालमत्ता. "लेखकाने घोड्याला शिंगं लावली असतील तर शिंगं शुद्ध छापायची," असे त्यांचे शब्द होते. अर्थात शिरलेला माणूस गोष्टीच्या नादाने पुढे पळतो आणि चूक मागे राहते, हे खरंही आहे. तपासनीसांनी हा नियम इतका पाळला की हजारो पुस्तकं त्यांच्या हाताखालून गेली आणि त्यांतल्या एकाचीही गोष्ट त्यांना सांगता आली नसती.

बायकोही त्याच छापखान्यातली. ती मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायची, तेही विरामचिन्हांसकट, आणि तपासनीस प्रूफ समोर धरून ताडून बघायचे. "ती म्हणाली स्वल्प अवतरण सुरू मी येणार नाही पूर्ण अवतरण बंद," अशा भाषेत दोघांची उमेदीची वर्षं गेली आणि त्याच टेबलावर लग्नही जमलं. प्रुफाच्या कोपऱ्यात दोन सह्या लागत, एक वाचणाऱ्याची आणि एक तपासणाऱ्याची. दोन्ही असल्याशिवाय यंत्रावरचा माणूस कागद चढवत नसे. पुस्तकात मात्र दोघांपैकी कुणाचंच नाव कधी छापलं गेलं नाही. छापखाना सुटला तरी तिची सवय सुटली नाही. एखादा विषय संपवायचा असला की ती नुसतं "पूर्ण" म्हणे, आणि तो विषय संपे.

घोड्याच्या बातमीनंतर दोनच दिवसांनी मुलगी सुट्टीवर आली. ती दुसऱ्या गावी दवाखान्यात नोकरीला. तिने आईसाठी घरच्या कॉम्प्युटरवर एक बोलका प्रोग्राम बसवला. पडद्यावर जे असेल ते आतली एक बाई वाचून दाखवते. त्याची आपल्या भाषेत त्रेचाळीस पानांची माहितीपुस्तिका होती. ती उघडायची, बाई एकेक पायरी वाचणार, आई तशा कळा दाबणार.

"महिन्याभरात तू स्वतः पेपर वाचशील बघ," मुलगी म्हणाली.

"स्वतः?" बायकोने विचारलं. मग पुन्हा एकदा, स्वतःशीच, "स्वतः."

तपासनीसांना कुठेतरी बारीकसं टोचलं. मुलगी पुढे सांगत होती, "आणि फुकट आहे बाबा. कुणा एकाच्या मालकीचा नाही. जगभरची माणसं मिळून लिहितात. कुणालाही उघडून बघता येतं, दुरुस्त करता येतं."

शेवटचे तीन शब्द तिने उच्चारायला नको होते.

मुलगी गेली आणि बायकोने पुस्तिका लावली. यंत्रातली बाई श्वास न घेता वाचत सुटली. पुस्तिकेत जिथे जे चुकलं होतं ते तिने इमानेइतबारे चुकवूनच वाचलं. पहिल्याच पानावर 'सुचना', 'पध्दत', 'आवाजची'. तपासनीस ताडकन उठले.

"बंद कर! हे माणसाने ऐकण्याच्या लायकीचं नाही."

"मला कळतंय हो. वेग तेवढा जास्त आहे."

"तुला कळेल. पण चुकीच्या पुस्तकावरून शिकायचं? चौतीस वर्षं या हातांनी काय केलं मग? आठ दिवस थांब. मी आधी हे नीट करतो, मग तू शीक."

बायकोने कळफलकावरचा हात काढून घेतला. "आठच दिवस ना?" तिने विचारलं.

"आठ म्हणजे आठ."

तपासनीसांनी त्रेचाळीस पानं छापून आणली आणि लाल पेन घेऊन बसले. सहाव्या दिवशी पुस्तिका गोवर आल्यासारखी दिसत होती. सहाशे बारा चुका. प्रत्येक पानाचा फोटो काढून त्यांनी तो गठ्ठा, "कळावे, लोभ असावा" अशा शेवटासह, प्रोग्रामच्या पत्त्यावर पाठवला. तिकडून ज्याचं उत्तर आलं त्याने स्वतःचं नाव 'कासव' असं लावलं होतं. उत्तर फार सभ्य होतं. कासवाने मनापासून आभार मानले होते आणि कळवलं होतं की फोटोवरून दुरुस्ती घेता येत नाही. आपण खातं उघडावं, प्रत्येक दुरुस्तीचा वेगळा प्रस्ताव टाकावा, म्हणजे तो दुसऱ्या कुणाला तरी तपासता येईल.

"तपासता येईल?" तपासनीस म्हणाले. "मला तपासणार?"

समोरच्या घरातले विमेवाले त्या वेळी तिथेच होते. हे गृहस्थ विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून जगातल्या प्रत्येक गोष्टीत धोका किती हे सांगत. "फुकट म्हणजे गोम असणारच, तपासनीस. खातं उघडू नका. आणि उघडायचंच असेल तर दोन प्रती काढून ठेवा. पोच घ्या. तो कासव म्हणजे नक्की कोण, कुठला, वय काय? माणूस नाव का लपवतो?"

"लोक मला तपासनीस म्हणतात, माझं तरी खरं नाव कुठे आहे?"

"म्हणूनच म्हणतो. तुमच्यावरही कोण विश्वास ठेवील?"

खातं उघडायला एक सकाळ गेली. 'तपासनीस' हे नाव आधीच कुणीतरी घेतलं होतं. 'तपासनीस१'सुद्धा गेलेलं. जगात आपल्याशिवाय आणखी तपासनीस आहेत आणि त्यांना हे काम आधी सुचलं, याचं वाईट वाटून घेत त्यांनी नोकरीची वर्षं जोडून 'तपासनीस३४' घेतलं. मग यंत्राने त्यांना आपण यंत्र नसल्याचं सिद्ध करायला सांगितलं. नऊ चित्रं होती, ज्यांत जिना आहे ती निवडायची. तपासनीसांनी हे काम गांभीर्याने घेतलं. जिन्याचा कठडा म्हणजे जिना का? नुसता उंबरठा दिसतोय, त्याला पायरी म्हणायची का? तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा यंत्राने त्यांना माणूस मानायला नकार दिला.

"मला तर संशय होताच," बायको म्हणाली.

चौथ्यांदा माणूस ठरल्यावर त्यांनी पहिली दुरुस्ती पाठवली. दुसऱ्या क्षणाला ती नाकारली गेली. दारावर एक आपोआप तपासणारा चौकीदार बसवलेला होता आणि त्याचा निरोप आला की अकराव्या ओळीच्या शेवटी एक कोरी जागा जास्त आहे. कोरी जागा! ज्या माणसाने दिव्याखाली धरून छपाईचा उलटा बसलेला खिळा ओळखला, त्याला एका यंत्राने न दिसणारी चूक दाखवली होती.  संध्याकाळी फेरफटका मारताना तपासनीस स्वतःशी पुटपुटले, "होती खरी. पण लबाडी आहे ही."

आठ दिवसांचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला. एक दुरुस्ती टाकायची, चौकीदाराची समजूत काढायची, मग जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातून कुणीतरी येऊन हरकत घ्यायची. 'क्लिक करा' लिहावं की 'टिचकी मारा', यावर एक्केचाळीस निरोपांची लढाई झाली. 'वादळ' नावाचं कुणीतरी होतं, त्याचं म्हणणं टिचकी कॅरमला मारतात. तपासनीसांनी त्याला इतकं सविस्तर उत्तर लिहिलं की चौकीदाराने ते लांबीमुळे परत पाठवलं. शेवटी 'दाबा' या शब्दावर तह झाला. खोटं कशाला बोलायचं, तपासनीसांना फार मजा येत होती. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्याशी काना-मात्रेवरून तावातावाने भांडत होतं. सकाळी उठल्यावर ते आता आधी निरोप बघत आणि पेपर मागे पडे.

बायको मधूनच विचारी, "झालं का हो?"

"चौतिसाव्या पानावर आहे."

"नाही, मी थोडं थोडं सुरू करू का? पहिली पानं झालीच आहेत ना?"

"अर्धवट प्रूफ कुणी वाचायला देतं का? तूच सांग. तू छापखान्यातली ना?"

ती छापखान्यातली होती, म्हणून गप्प बसली. एकदा नुसतं म्हणाली, "त्या घोड्याचं काय झालं असेल?" तपासनीसांना कुठला घोडा ते आठवेना.

तीन महिन्यांनी, एका सोमवारी, सहाशे बारावी दुरुस्ती मंजूर झाली. कासवाने लिहिलं, 'आपल्या पुस्तिकेत आता एकही चूक नाही. हातभार लावणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव घातलं आहे.' यादी मोठी होती. तपासनीस३४ दोनशे बाराव्या क्रमांकावर होते. त्यांनी ते तीनदा वाचलं. चौतीस वर्षांत जे नाव कधी छापलं गेलं नाही ते जगात सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी आलं होतं, आणि तेही बिनचूक.

"ये, बस," त्यांनी बायकोला खुर्चीत बसवलं आणि पुस्तिका उघडून दिली. "आता डोळे झाकून विश्वास ठेव. शब्दान्‌शब्द मी तपासलाय. एवढी शुद्ध पुस्तिका या जगात दुसरी नसेल."

"डोळे झाकायची काय गरज आहे," ती हसून म्हणाली. तिने केस नीट केले, जणू कुणी भेटायला येणार आहे. बाईने पहिली पायरी वाचली आणि तिने पहिली कळ दाबली.

तपासनीस यादीचं पान घेऊन विमेवाल्यांकडे गेले. विमेवाल्यांनी चष्मा लावून दोनशे बारावा क्रमांक शोधला, आधीचे दोनशे अकरा कोण असं विचारलं, आणि चहा टाकला. परत यायला तास-सव्वा तास झाला.

घरात आवाज नव्हता. कॉम्प्युटरवर टेबलावरचं कापड टाकलेलं होतं. बायको स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. कडेच्या नजरेने, सावकाश.

"काय गं, एवढ्यात झालं?"

"नाही जमत मला."

"म्हणजे?"

"बाई बोलायची थांबली. मी सगळं तुमच्या पुस्तिकेप्रमाणेच केलं. पहिल्यापासून. एकाएकी गप्प झाली ती. मी बसून राहिले. म्हटलं विचार करत असेल. मग इथे-तिथे दाबून पाहिलं." तिने सुरी खाली ठेवली. "पुस्तिकेत तर चूक नाहीये ना. म्हणजे माझंच डोकं आता चालत नाही. वय झालं. तुम्ही एवढे तीन महिने मेहनत केलीत, वाईट वाटतं."

"अगं, पुन्हा करून बघ..."

"नको. वाचा तुम्हीच पेपर. पूर्ण."

आणि तो विषय संपला.

दुसऱ्या दिवशी साडेसातला तपासनीसांनी पेपर उघडला. तिसऱ्या ओळीत चूक सापडली. ते थांबले. नेहमीसारखं 'बरं, मग पुढे?' ऐकू येईल म्हणून वाट बघितली. बायको खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिने काहीच विचारलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही विचारलं नाही. तपासनीसांनी मुद्दाम बातमी अर्ध्यावर सोडून पाहिली, तरी नाही.  या बाईने चौतीस वर्षांत एक ओळ कधी मध्येच सोडली नव्हती.

तिसऱ्या दिवशी ती भाजी आणायला खाली गेली तसं त्यांनी कापड काढलं. टॉवेल घेतला, स्वतःच्या डोळ्यांना बांधला आणि पुस्तिका लावली. आता लबाडी नको, तिच्यासारखंच करायचं. बाई वाचू लागली. काय सुंदर वाचत होती! एकही शब्द अडखळत नव्हता. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. तपासनीसांची मान कौतुकाने डोलत होती. बाईचा वेग मात्र भयंकर होता. सातव्या पायरीत ती म्हणाली, "वाचनाचा वेग कमी करण्यासाठी एफ-सात ही कळ दाबा."

हे वाक्य तपासनीसांना पाठ होतं. यात तीन चुका होत्या. एक वेलांटी, एक काना आणि शेवटचा पूर्णविराम. त्या कान्यावरून वादळाशी चार दिवस भांडण झालं होतं. त्यांनी चाचपडत एफ-सात शोधली आणि दाबली.

बाई गप्प झाली.

त्यांनी पुन्हा दाबली. नाही. कान टवकारले. पंख्याचा आवाज, खालच्या रस्त्यावर कुणाची तरी गाडी. टॉवेलाखाली नुसता काळोख, आणि पुढची पायरी काय हे सांगणारं कुणी नाही. तपासनीस तसेच बसून राहिले. ही इथे तासभर अशीच बसली होती. आणि आपण शेजारी चहा पीत होतो, क्रमांक दाखवत.

त्यांनी टॉवेल सोडला आणि मुलीला फोन लावला. ती कामात होती, तरी तिने शोधून सांगितलं, "अहो बाबा, एफ-सातने बोलणं बंद होतं. पुन्हा सुरू करायला एफ-नऊ. वेगासाठी एफ-आठ आहे. पुस्तिकेत उलटसुलट लिहिलंय कुणीतरी. तुम्ही वाचली होती ना ती?"

 तपासली होती. सहाशे बारा वेळा तपासली होती. वाचली नव्हती.

बायको भाजीची पिशवी घेऊन आली तेव्हा ते दारातच उभे होते.

"पुस्तिका चुकली आहे," ते म्हणाले. "सातवी पायरी. तू नाही चुकलीस. मी ती ओळ तीनदा दुरुस्त केली आणि त्यात काय लिहिलंय ते एकदाही बघितलं नाही. आणि तुला तीन महिने थांबवून ठेवलं. तू चुकीच्या पुस्तिकेवरून महिन्याभरात शिकली असतीस. अडली असतीस तर मला हाक मारली असतीस. मी शुद्ध करून दिली म्हणून तू स्वतःलाच दोष दिलास."

एवढं लांब भाषण त्यांनी लग्नातसुद्धा केलं नव्हतं.  बायकोने पिशवी खाली ठेवली.

"म्हणजे माझं डोकं ठीक आहे?"

"अगदी ठीक आहे."

"तीन दिवस मी काय काय विचार केले, माहीत आहे तुम्हाला?"  मग तिने नाक ओढलं आणि म्हणाली, "हात धुऊन येते. लावा ती बाई."

तपासनीसांनी कासवाला लिहिलं. हे पत्र लिहायला त्यांना फार जड गेलं, कारण आयुष्यात पहिल्यांदाच ते अक्षराची नाही तर अर्थाची चूक कळवत होते. छापखान्याचे मालक असते तर कामावरून काढलं असतं. कासवाचं उत्तर लगेच आलं: 'बरोबर आहे. लाज वाटते. मलाही दिसत नाही, हा प्रोग्राम मी माझ्यासाठीच लिहायला घेतला होता. पण मला कळा पाठ आहेत, म्हणून पुस्तिका मी कधी उघडलीच नाही. ज्याला येतं तो पुस्तिका वाचत नाही, आणि ज्याला येत नाही तो स्वतःलाच नावं ठेवत बसतो. तुम्ही दुरुस्ती लिहा. पण अर्थ बदलायचा तर आमचा एक नियम आहे. एकाने लिहायचं, दुसऱ्याने पुस्तिकेबरहुकूम करून बघायचं. दोन नावं लागतात. तुमच्याकडे दुसरं कुणी आहे का?'

तपासनीसांनी हे मोठ्याने वाचून दाखवलं.

"कोपऱ्यातल्या दोन सह्या," बायको म्हणाली. "कागद चढत नसे त्याशिवाय."

सातवी पायरी तपासनीसांनी नव्याने लिहिली. छापली जाईल अशी ही त्यांची स्वतःची पहिली ओळ, म्हणून त्यांनी तिच्यात 'सदर' आणि 'तदनंतर' हे शब्द घातले. बायकोने ऐकलं. "हे काय कोर्टाचं समन्स आहे? वेग जास्त वाटला तर एफ-आठ दाबा. पूर्ण." तसंच पाठवलं. मग ती पुढे निघाली. अकराव्या पायरीत अडली, अर्थाची चूक. सतराव्यात अडली, एक पायरी गाळलेलीच. ती अडेल तिथे सांगायची, ते लिहायचे, ती पुन्हा करून बघायची. जेवणाची वेळ टळायला लागली. विमेवाले एकदा डोकावले आणि एवढा वेळ एका जागी बसण्याने पाठीला काय काय होतं ते सांगू लागले, तेव्हा दोघं एकदमच "श्श" म्हणाली.

विसाव्या पायरीनंतर तिला एक गंमत सापडली. बाईला विरामचिन्हं वाचायला लावता येत. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, ते बंद ठेव, डोकं उठेल." पण बायकोने ते चालूच ठेवलं, आणि घरात बाई 'स्वल्पविराम', 'पूर्णविराम' असं सगळं उच्चारत बोलू लागली. तपासनीस पहिल्यांदा ऐकून चमकले. मग खुर्ची ओढून जवळ बसले.

पंधरा दिवसांनी प्रस्ताव पुरा झाला. एकोणीस अर्थाच्या चुका होत्या. शेवटी दोन रकाने होते, लिहिणाऱ्याचा आणि करून बघणाऱ्याचा. पहिल्यात त्यांनी नाव घातलं. दुसऱ्याशी आले आणि सवयीने त्यांचा हात कळफलकाकडे गेला.

"सरका," ती म्हणाली.

तिने एकेक अक्षर चाचपून दाबलं. बाई प्रत्येक अक्षर वाचत होती. एकदा चुकलं. तपासनीसांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. तिने ऐकलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. टोपणनाव वगैरे काही नाही, स्वतःचं सरळ, पूर्ण नाव. यादीत ते दोनशे तेराव्या क्रमांकावर आलं, त्यांच्या लगेच खाली.

त्यानंतरच्या एका सकाळी तपासनीस नेहमीच्या वेळी पेपर घेऊन बाहेरच्या खोलीत आले. बायको आधीच कॉम्प्युटरसमोर बसलेली होती. बाई वाचत होती. तपासनीस क्षणभर दारात उभे राहिले. हातातल्या पेपरचं काय करावं ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी तो घडी करून टेबलावर ठेवला.

"काय वाचतेस?"

"घोडा," ती म्हणाली. "सापडला. जुन्या बातम्यांत शोधला. बसायचं तर बसा, मध्ये बोलू नका. सुरुवातीपासून लावते."

ते बसले. घोडा सुटला, जिना चढला, तिसऱ्या मजल्यावर जाऊन अडला. दुसऱ्या परिच्छेदात माणसं जमली. एकाने गाजर दाखवलं, एकाने मागून ढकललं, अग्निशमन दलाने यंत्राने उचलायचं ठरवलं, पण घोडा गच्चीवर नव्हता, जिन्याच्या वळणावर होता. लोकांनी सल्ले दिले. घोड्याने एकालाही दाद दिली नाही. तपासनीस खुर्चीच्या कडेवर सरकले. संध्याकाळी त्याचा म्हातारा गाडीवान आला. त्याने खांद्यावरचं कापड काढलं, घोड्याचे डोळे बांधले, आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलायला लागला. एक पायरी, थांब, आता दुसरी, शाब्बास. स्वतः उलटा चालत, सतत बोलत, गाडीवानाने त्याला एकेक पायरी करत खाली आणलं. पूर्णविराम.

"उतरला!" तपासनीस म्हणाले.

"उतरला हो," बायको म्हणाली. "मला वाटलंच होतं."

 मग तिने विचारलं, "आणि ते 'मज्यावर'? बाईने स्पष्ट वाचलं. मी म्हटलं, आता तुम्ही उठणार."

"कुठे होतं?"

"दुसऱ्या परिच्छेदात. जिथे होतं तिथेच."

तपासनीसांनी डोळे मिटून आठवून पाहिलं. गाजर आठवलं, गाडीवानाचं कापड आठवलं, घोड्याचा थरथरता पाय तर समोरच दिसत होता.

"नाही ऐकू आलं," ते म्हणाले. "दुसरी कुठली बातमी आहे?"